उत्तरेचा माड

"माड आड येता जाल्यार कापून उडोवया," शेजारचे काका म्हणाले. आणि मी म्हणालो, "पळोवया."

दोन वर्षांपूर्वीची, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वृंदावनात खोचलेला ऊस अजून ताठ होता, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्यांनी मात्र माना टाकल्या होत्या. भूमापन खात्याच्या लिलावात घेतलेला जुना थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, परसात मांडून मी उत्तरेकडं कोन लावत होतो आणि काका कुंपणापलीकडून बराच वेळ ते बघत होते. काय शोधतोस म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ध्रुव. रात्री तो जिथं असतो ती जागा दिवसाही तिथंच असते, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मी बोटानं दाखवली. बोट थेट त्यांच्या माडाच्या खोडावर गेलं. काकांनी खोड पाहिलं, वर झावळांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पावसाआधी कौलं परतून घेऊया म्हणावं इतक्या सहजपणे ते वाक्य बोलले. मला त्याच क्षणी 'नको' म्हणता आलं असतं. ते म्हटलं नाही, ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस सलत राहिली. जेवताना, अंघोळीच्या वेळी, रात्री अंथरुणावर पडल्यावर. आमच्याकडं 'पळोवया', म्हणजे 'बघूया', हा नकार नव्हे. अर्धा होकार देऊन उरलेल्या अर्ध्यासाठी मुदत मागून घेणं.

भूमापनात माझी तेहेतीस वर्षं गेली. डिचोली, सत्तरी, पेडणे, मधली काही वर्षं सांगे. हद्दीवरचं झाड ही काय चीज असते हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. भावाभावांच्या वाटणीत मोजणीला गेलो की दोघंही एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा, उतारा पुढं करत आणि दोघांचीही नजर बांधावरच्या एखाद्या माडाकडं किंवा फणसाकडं असे. मोजणीची साखळी पसरेपर्यंत सगळं शांत. हद्दीचा दगड सापडला नाही की झाड साक्षीला यायचं. "हो माड आमच्या आज्यान लायला." आणि पुढच्या मोजणीला जावं तर कधी कधी ते झाडच जागेवर नसायचं. ताज्या बुंध्यावर माती लोटलेली, चिकात माश्या अडकलेल्या, आणि घरातलं कुणी डोळ्याला डोळा देत नाही. असे बुंधे पाहून मला नेहमी वाईट वाटलं आहे आणि ते मी कागदावर कधी लिहू शकलो नाही, कारण नकाशात वाईट वाटण्याला चिन्ह नसतं. तोच मी, दुसऱ्याच्या माडाबद्दल 'पळोवया' म्हणालो होतो.

हे सगळं एका माउंटपायी. म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसवतात त्या फिरत्या बैठकीपायी.

दुर्बीण म्हटलं की लोक भिंगाकडं किंवा आरशाकडं बघतात. माझा आठ इंची आरसा मी स्वतः घासलेला आहे, काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, एका उन्हाळ्याचं काम. त्याचा मला अभिमान आहे. पण चांगला आरसा वाईट माउंटवर ठेवला तर त्याचा उपयोग शून्य, हे समजायला मला आणखी दहा वर्षं लागली. पृथ्वी तेवीस तास छप्पन्न मिनिटं आणि चार सेकंदांत स्वतःभोवती फिरते. म्हणजे दर सेकंदाला आकाश पंधरा विकला सरकतं; विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. माउंटचं काम तेवढंच: आपल्या आसावर त्याच वेगानं उलटं फिरायचं. सांगायला एक ओळ, करायला फार अवघड. एक विकला म्हणजे एका किलोमीटरवर जेमतेम पाच मिलीमीटर. भूमापनातली चांगली यंत्रं तेवढा कोन वाचतात, पण ती वाचताना स्थिर उभी असतात. माउंटला तेवढीच अचूकता चालता चालता सांभाळायची असते, रात्रभर, पाठीवर दहा-बारा किलोंची नळी आणि कॅमेरा घेऊन. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरनं १८२४ साली डोर्पाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या, वेधशाळेसाठी घड्याळावर चालणारा तसा माउंट बनवला. आज ज्याला जर्मन इक्वेटोरियल म्हणतात त्याचं मूळ तिथलं. दोन आस, एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. दोनशे वर्षं झाली तरी ते चित्र फारसं बदललेलं नाही.

त्यातला मुख्य आस पृथ्वीच्या आसासारखा ध्रुवाकडं रोखलेला हवा. आणि गोव्यात हीच पहिली अडचण. आपण साडेपंधरा अक्षांशांवर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवर. इतका खाली की बहुतेक अंगणांतून तो दिसतच नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात भटजींनी नवरानवरीला ध्रुव दाखवायला मांडवाबाहेर नेलं आणि ओसरीच्या पाख्याकडं बोट केलं. दोघांनी हात जोडून कौलांना नमस्कार केला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला ते फार गोड वाटलं होतं. अजूनही वाटतं. तारा होता तिथंच, कौलांमागं. तो तरी नेमका ध्रुवबिंदूवर कुठं आहे? सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही थोडं जास्त अंतर, आणि त्या छोट्या वर्तुळात तोही रोज फेरी मारतो. काकांच्या माडाचं खोड माझ्या परसातून पाऊण-एक अंश रुंद दिसतं. म्हणजे ध्रुव कधी खोडाच्या डाव्या बाजूनं डोकावतो, कधी उजव्या, आणि मधला बराच काळ आड असतो. हे मी थिओडोलाइटनं कितीतरी रात्री पाहिलं. खांब दोन मीटर सरकवावा तर एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आमच्याच घराचं छप्पर आडवं येतं. आणि खरी अडचण खोडाची नव्हतीच. वर पसरलेल्या झावळांनी उत्तरेचं आकाश पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत झाकलं होतं. आमच्या गावातून पश्चिमेला म्हापशाचा उजेड दिसतो, नैर्ऋत्येला पणजीचा, आणि मोप विमानतळ सुरू झाल्यापासून वायव्येलाही एक पिवळट फुगवटा आला आहे. उरली उत्तर. दोडामार्गाच्या डोंगरांकडची. काळोख उरलाय तो त्या एका बाजूला, आणि तिथंच माड.

कमी अक्षांशाचा आणखी एक जाच असतो, तो विकत घेताना कुणी सांगत नाही. युरोपात माउंटचा आस चांगला तिरपा उभा असतो, त्यामुळं तोलाच्या वजनाचा दांडा खांबापासून लांब, बाहेर झुकलेला राहतो. आपल्याकडं आस जवळजवळ आडवा झोपतो आणि दांडा सरळ खाली लोंबतो, खांबाला घासत. माझ्या पहिल्या माउंटचं वजन तिकाटण्याच्या पायावर आपटायचं. मध्यरात्री, सगळं गाव झोपलेलं असताना, परसातून तो 'ठक्' असा आवाज यायचा आणि हिला वाटायचं मांजरानं काहीतरी पाडलं. काही माउंटांची अक्षांशाची खालची मर्यादाच पंधरा अंशांवर संपते. म्हणजे ते गोव्यापर्यंत येतात आणि उंबऱ्यावर थांबतात. कन्याकुमारीच्या माणसानं काय करायचं?

त्याच पहिल्या माउंटवरची एक रात्र मला विसरता येत नाही. २१ डिसेंबर २०२०. गुरू आणि शनी एकमेकांच्या इतक्या जवळ आले होते की आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, दोन्ही एकदम मावत होते, शनीची कडी आणि गुरूचे चंद्र एकाच गोलात. गावातली पंधरावीस माणसं तोंडाला मास्क बांधून शेताच्या बांधावर जमली होती. माउंटची मोटर त्या संध्याकाळी बंद पडली, म्हणून मी हातानं दोऱ्या फिरवत ग्रह मध्यावर आणून देत होतो. मुलं पटापट बघून जात होती. त्यांचे डोळे झटकन लागतात. काकांची पाळी आली. त्यांचे गुडघे गेलेले. आधी काठी बाजूला ठेवली, मग एक हात माझ्या खांद्यावर, मग चष्मा काढून खिशात, मग हळूहळू वाकणं. मोठ्या वर्धनाला ग्रह मिनिटभरात गोलाबाहेर जातो. ते डोळा लावेपर्यंत गुरू-शनी निघून गेले होते, हे मला ठाऊक होतं. मी दोरीकडं हात नेणार इतक्यात काका आयपीसमधून म्हणाले, "दिसलें, दिसलें. बरें दिसता." आणि उठले. मागं रांग होती, पोरं खोळंबली होती, म्हणून ते तसं म्हणाले. रिकाम्या काळोखाला त्यांनी बरं म्हटलं. पुन्हा बघा असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हटलं असतं तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं. मी गप्प राहिलो. आकाश तेवढ्या जवळचं पुन्हा साठ वर्षांनी दाखवणार आहे.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की आता एकदाच, पण खरा माउंट घ्यायचा. परसात खांब, वर सरकतं छप्पर. पुढचं वर्ष मी माउंट वाचण्यात घालवलं. हो, वाचण्यातच. वर्म गिअर म्हणजे एक मळसूत्र आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. चाकाला १८० दात असतील तर मळसूत्राचा एक फेरा सुमारे आठ मिनिटांत पूर्ण होतो, आणि मळसूत्रात जो काही वाकडेपणा असेल तो दर आठ मिनिटांनी ताऱ्यात दिसतो. माझ्या जुन्या माउंटचा आलेख मी काढून ठेवला आहे. तारा थोडा पुढं, थोडा मागं, पुन्हा पुढं, आठ मिनिटांची लाट. दमेकऱ्याच्या श्वासासारखी. ती लाट मोडायला दुसरा छोटा कॅमेरा लावतात. तो एका ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि तारा जरा सरकला की माउंटला टोचणी देतो. याला गाइडिंग म्हणतात. जगातले बहुतेक हौशी लोक त्यावरच उत्तम छायाचित्रं काढतात, मीही काढली.

मग हार्मोनिक गिअरचे माउंट आले. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम-५ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जवळजवळ पैसे भरलेच होते. पाच किलो वजन, आणि तोलाचं वजन न लावता तेरा किलो उचलतो! हे तंत्र वॉल्टन मसर नावाच्या माणसानं १९५० च्या दशकात शोधलं. एक लवचीक पोलादी वाटी लंबगोल होत कड्यात फिरते, दात सगळे एकदम न लागता हळूहळू लागतात, कुठं खडखड नाही. १९७१ साली चंद्रावर गाडी फिरली तिच्या चाकांत हेच गिअर होते. ज्या यंत्रानं चंद्रावरची धूळ तुडवली त्याचा भाऊबंद माझ्या परसात यावा, या कल्पनेनंच मला दोन रात्री झोप लागली नाही. आणि गोव्याच्या दृष्टीनं त्याचा मोठा फायदा होता. मिरग लागला की दुर्बिणीला घरात यावं लागतं. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, पाऊस कोसळायला लागतो, आणि पुढचे चार महिने चामड्याच्या चपलांवर बुरशी, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू साऱ्या उत्तर गोलार्धानं पाहिला, आम्ही पागोळ्या पाहिल्या. पाच किलोंचा माउंट एका हातानं उचलून कपाटात ठेवता येतो, खाली सिलिका जेलची पुरचुंडी, वर साठचा बल्ब. वीस किलोंचं धूड कसं न्यायचं? माझंही वय होतंय.

पण हार्मोनिक माउंटची चूक मळसूत्राहून मोठी असते. तो गाइडिंगवाचून चालत नाही. दर एक-दोन सेकंदांनी त्याला ताऱ्याकडं बघावंच लागतं. तारा दिसेनासा झाला की तो भरकटतो.

आणि माझ्या आकाशात तारा दिसेनासा होणार होता. रोज. माड होता ना.

मी ज्याला इतके दिवस यंत्राची निवड समजत होतो ती तिथं येऊन अडली. माड नसेल तर पाच किलोंचा, परवडणारा माउंट पुरे. माड राहणार असेल तर दोन्ही आसांवर अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असलेला माउंट हवा. एन्कोडर म्हणजे आसावर बसवलेली बारीक रेघांची चकती आणि ती वाचणारा डोळा, थिओडोलाइटच्या आतल्या वर्तुळासारखीच गोष्ट. असा माउंट ताऱ्याकडं न बघता आपण स्वतः कुठं आहोत ते सतत मोजत असतो. आकाशाचे पन्नासेक बिंदू एकदा त्याला दाखवून नकाशा करून दिला की तारा ढगाआड गेला काय नि झावळीआड गेला काय, तो आपल्या चालीनं चालत राहतो. इटलीच्या टेनमायक्रॉनचे असे माउंट आहेत, अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रो-फिजिक्सचा माक-टू आहे. तो विषुववृत्तावरही चालतो हे वाचलं आणि माझं मन तिथं बसलं. फरक होता तो पैशांचा. किती ते इथं लिहीत नाही, पण निवृत्तीच्या पैशांतला डोळ्यांत भरेल असा तुकडा. एका माडाची किंमत म्हणून तो आकडा मी वहीत लिहिला आणि त्याच्याकडं बराच वेळ बघत बसलो. हिनं वही पाहिली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवताना एवढंच म्हणाली, "त्या माडाचे नारळ आपण पण खाल्लेत."

२०१६ मध्ये गोव्यात माड हे झाडच नाही असं ठरलं होतं, आठवतं? झाडं राखण्याच्या कायद्यातून त्याला वगळलं, कारण वनस्पतिशास्त्रानुसार त्याला फांद्या नाहीत वगैरे. केवढा गदारोळ झाला. पुढं सरकार बदललं आणि माड परत झाडांत आला. त्या दिवसांत आमच्या कचेरीत एक म्हातारे गृहस्थ आले होते, हातात उतारा. त्यांनी विचारलं, "साहेब, झाड नसेल तर कागदावर काय लिहिणार? माडाच्या जागी काय उभं आहे म्हणणार?" मला उत्तर सुचलं नव्हतं. माझ्या 'पळोवया'नंतरच्या रात्रींत तो माणूस मला पुष्कळदा आठवला.

खरं तर ध्रुव दिसायची गरजच उरलेली नाही, हे मला त्याच महिन्यात कळलं. कॅमेरा आकाशाच्या कुठल्याही तुकड्याचा फोटो घेतो, संगणक त्यातले तारे यादीशी जुळवून बघतो आणि आस नेमका किती कलला आहे ते सांगतो. तीन ठिकाणचे तीन फोटो, बस्स. ध्रुव खोडाआड असला तरी आस त्याच्याकडंच रोखता येतो. ते नसतं तरी पूर्वीपासून चालत आलेली पद्धत आहेच: माथ्यावरचा एक तारा धरायचा, पूर्वेच्या क्षितिजावरचा एक धरायचा, आणि ते उत्तरेकडं ढळतात की दक्षिणेकडं ते बघत आस ठोकून ठोकून जागेवर आणायचा. बहिणीच्या लग्नातले भटजी बरोबर होते. न दिसणाऱ्या ताऱ्याकडं बोट करता येतं.

तीन आठवड्यांनी मी काकांकडं गेलो. ते पडवीत बसून सोलणीवर नारळ सोलत होते. सोडणाचा ओलसर, गोडूस वास. मी म्हटलं, काका, माड कापायचा नाही. मी वेगळं यंत्र बघितलंय. मला वाटलं होतं की त्यांना बरं वाटेल, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. त्यांनी नारळ सोलणीवर हाणला, एक सोडण उपटून बाजूला टाकलं आणि म्हणाले, "म्हातारो जाला रे तो. पाडेलीय चडपाक कंटाळटा." पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, हल्ली मिळत नाहीत, मिळाले तर उंच माडावर चढायला नाखूश असतात, फळ उतरलंय, वाऱ्याच्या दिवसांत तो तुमच्या छपरावर पडेल म्हणून मला झोप लागत नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मे २०२१ च्या त्या तौक्ते वादळात बाजूचे दोन माड गेले, हा वाकला पण राहिला. त्याच्या जागी लावायला कवाथा, म्हणजे माडाचं रोप, तोसुद्धा त्यांनी करून ठेवला होता, न्हाणीच्या पाण्यावर, हिरवागार. म्हणजे माझ्यासाठी ते माड देत होते हे खरं, आणि त्यांना तो नकोसा झाला होता हेही खरं. मी इतके दिवस एकट्यानं जे ओझं वाहत होतो त्याचा अर्धा भाग त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हता. मला हलकं वाटलं आणि थोडं रितंही वाटलं. "आसूं दी," शेवटी ते म्हणाले. "तूं म्हणटा जाल्यार आसूं दी." जाताना चार नारळ पिशवीत घालून दिले.

खांबाचा खड्डा मी स्वतः उभा राहून खणून घेतला. वरची मीटरभर माती गेली आणि खाली जांभा लागला, ओल्या रक्तासारखा लाल, भोकाभोकांचा. एक मीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीट, म्हणजे जवळपास अडीच टन, त्यावर खांब. भोवतीच्या फरशीला त्याचा कुठंही स्पर्श नाही, मध्ये दोन इंचांची फट ठेवून वाळू भरली, म्हणजे कुणी चाललं तरी हादरा आत जात नाही. खाणींचे ट्रक रात्रंदिवस धावायचे त्या काळात आमच्या मांडणीवरच्या बशा एकमेकींवर किणकिणत. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर तो आवाज गेला आणि गावातल्या कितीतरी घरांतली चूलही मंदावली, त्यामुळं त्या शांततेबद्दल मोकळेपणानं आनंद मानता आला नाही. आता काही ठिकाणी पुन्हा काम सुरू झालं आहे. वाळूची ती फट मी त्यासाठीच ठेवली. खांब उभा राहिला तेव्हा गवंड्यानं थापी धुता धुता विचारलं, "वृंदावन इतकें उंच कित्याक?" मग स्वतःच म्हणाला, "तुळस तरी लावा बाजूक." लावली.

माउंट यायला बरेच महिने लागले. पेटी उघडली तेव्हा आतून ग्रीसचा आणि नव्या फोमचा वास आला. आस मी हातानं फिरवून पाहिला, मोटर न जोडता, क्लच सैल ठेवून. बोटाच्या टोकानं ढकलला आणि तो कुठंही न अडता, कसलाही आवाज न करता फिरत राहिला, आणि जिथं सोडला तिथं थांबला. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी नवा थिओडोलाइट माझ्या हाती दिला होता तेव्हा जसं घशाशी आलं होतं, तसंच आलं. मी थोडा वेळ तिथंच जमिनीवर बसलो.

यंदाच्या मार्च अखेरीस अमावास्येच्या आसपास आकाश तीन रात्री स्वच्छ मिळालं. पहिल्या दोन नकाशा करण्यात गेल्या. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर मी काकांना बोलावून आणलं. त्यांच्यासाठी घरातली हातांची खुर्ची बाहेर काढली, लॅपटॉप स्टुलावर, त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीला. आता वाकायचं काही कारण नव्हतं. सप्तर्षी ईशान्येकडून चांगले वर आले होते. पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढली आणि तेवढीच पुढं नेली की एम-८१ आणि एम-८२ या दोन दीर्घिका येतात, एक चक्राकार, एक विडीसारखी लांबट. एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. एक-एक मिनिटाचे फोटो पडद्यावर येत होते. काका चष्मा नाकावर ढकलून बघत होते. साडेनवाच्या सुमाराला ती जोडी माडाच्या शेंड्याकडं सरकू लागली. फोटो मंद झाले. पात्यांच्या फटींतून थोडा थोडा उजेड येत होता, वारा आला की कमी-जास्त होत होता, मग तोही गेला. पडदा काळा झाला. मी काही बंद केलं नाही. माउंट चालला होता, त्याचा आवाज येत नाही, पण आकडे बदलत होते.

"गेलें," काका म्हणाले.

मी म्हटलं, येईल. थोडा वेळ लागेल. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, वर माडाकडं पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याचा नखाएवढा कपटा फाडला, जिभेला लावून ओला केला आणि चक्राकार दीर्घिका जिथून दिसेनाशी झाली होती तिथं काचेवर चिकटवला. मोजणीत दगड सापडला नाही की आम्ही खुंटी ठोकत असू, तसा. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वीस मिनिटं. काळे फोटो येत होते, एकामागून एक. न्हाणीकडून बेडूक ओरडत होता. वर झावळी एकमेकींवर घासत होत्या, आणि तो आवाज पावसासारखा येतो हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं. काका एकदाही "दिसलें" म्हणाले नाहीत.

मग एका फोटोत काळेपणा थोडा पातळ झाला. पुढच्यात कडेचे तारे आले. त्याच्या पुढच्यात, वरच्या बाजूला, लांबट दीर्घिकेचा डाग. मी श्वास रोखून धरला होता. काकांनी वाकून कपट्याखाली नख घातलं आणि तो हळूच उचलला.

"आयलें," ते म्हणाले.